डायव्हिंगला मोठा खंड पडलाय? कोल्हापुरातून रिफ्रेशर कोर्स निवडताना

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याची भीती घालू नये. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी अजून आहे, पंचगंगेच्या घाटावर उन्हाळाभर सूर मारणारी पोरं आहेत, आणि वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू याच गावचा. त्यामुळे स्कूबा डायव्हिंगचं कार्ड (प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र) काढून चार-सहा वर्षं झालेल्या कोल्हापूरकराला "आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स कर" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "रिफ्रेशर कशाला? पोहायला येतंय की मला!"

अडचण नेमकी तिथंच आहे. पोहणं अंगात मुरलेलं असतं, आणि पोहणाऱ्याच्या अंगात मुरलेल्या तीन सवयी स्कूबात धोक्याच्या ठरतात. तो पाण्याखाली गेला की श्वास रोखतो, हातांनी पाणी मारतो आणि घाबरला की सरळ वर झेपावतो. स्कूबाचा पहिलाच नियम सांगतो की श्वास कधीही रोखू नका. छाती भरून घेतलेली दाबाखालची हवा तशीच धरून वर आलात, तर जेमतेम सव्वा मीटर पाण्यातूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. डायव्हिंग बंद असलेल्या वर्षांत तुम्ही स्कूबाच्या सवयी विसरलेले असता आणि पोहण्याच्या सवयी मात्र जशाच्या तशा असतात. रिफ्रेशर निवडताना मी एकच गोष्ट शोधतो: उथळ पाण्यात, घाई न करता, सगळं माझ्या हातानं करून घेणारा प्रशिक्षक. दर, बोट, फोटो हे सगळं त्यानंतर.

आधी कपाटातलं कार्ड शोधा

मालवणला किल्ल्याजवळ अर्धा तास पाण्यात उतरून मासे बघितले आणि व्हिडिओ काढला, एवढंच केलं असेल, तर तुमच्याकडे सर्टिफिकेशन नाही. तो अनुभव-डाइव्ह होता. त्यात पूर्ण वेळ कुणीतरी तुमची टाकी मागून धरलेली असते, बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) हवा भरणं-सोडणंही तोच करतो. चांगला अनुभव आहे, पण त्याचा रिफ्रेशर होत नाही. तुम्हाला ओपन वॉटर हा सुरुवातीचा सर्टिफिकेशन कोर्सच करावा लागेल.

कार्ड असेल तर ते पाडी, एसएसआय, नाउई, सीमास या प्रशिक्षण संस्थांपैकी कुणाचं आहे आणि कुठल्या पातळीचं आहे ते बघा. कार्डाची मुदत संपत नाही. हरवलं असेल तरी संस्थेच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर नाव आणि जन्मतारीख टाकून नोंद सापडते. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर जुन्या नावानं शोधा, बऱ्याच जणींची नोंद तिथंच अडकलेली असते. कार्ड एका संस्थेचं आणि सेंटर दुसऱ्या संस्थेचं असलं तरी अडत नाही, एकमेकांची कार्डं चालतात. पाडीत या उजळणीला रिअॅक्टिव्हेट म्हणतात आणि ती केल्याची तारीख घातलेलं नवं कार्ड मिळू शकतं. एसएसआयकडे स्कूबा स्किल्स अपडेट आहे. नावं वेगळी, आशय जवळपास तोच.

कार्डाबरोबर लॉगबुकही बाहेर काढा. शेवटची डाइव्ह कधी, किती खोल, बुडण्यासाठी वजन म्हणून किती शिसं लावलं होतं, किती हवा उरली होती, हे सेंटरला सांगता आलं तर त्यांचं काम सोपं होतं.

किती खंड, तर किती उजळणी

याचं एकच ठाम कोष्टक नाही. माझा हिशेब असा. सहा महिन्यांच्या आतला खंड असेल तर पहिली डाइव्ह उथळ, शांत पाण्यात आणि गाइडबरोबर केली की पुरतं. सहा महिने ते वर्ष झालं असेल, तर त्या पहिल्या डाइव्हमध्ये मास्क साफ करणं (आत शिरलेलं पाणी काढणं), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) काढून परत घेणं एवढं तरी करून दाखवावं. वर्ष उलटलं की रिफ्रेशर घ्याच.

पण वर्षांपेक्षा जुन्या डाइव्हची संख्या जास्त बोलते. पन्नास-साठ डाइव्ह करून तीन वर्षं थांबलेला माणूस अर्ध्या दिवसात रुळावर येतो. कोर्समधल्या चार डाइव्ह करून तीन वर्षं थांबलेल्याला तेवढं पुरत नाही. अशानं सेंटरला स्पष्ट सांगावं की मला ओपन वॉटरचा स्विमिंग पूलमधला भाग जवळजवळ पूर्ण करून द्या. पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.

डॉक्टरांची सही कोल्हापुरातच उरकून घ्या

प्रत्येक चांगलं सेंटर वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतं. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात: दमा, हृदयविकार, झटके येणं, कान-सायनसच्या शस्त्रक्रिया, मधुमेह, चालू औषधं वगैरे. ४५ वर्षांवरच्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब याबद्दल जादा विचारणा असते. ठरावीक उत्तरं "हो" आली की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत.

हा फॉर्म आधीच मागवून घ्या आणि घरी बसून भरा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर, बोट सुटायला दहा मिनिटं असताना तो हातात आला की माणूस सगळीकडे "नाही" लिहून मोकळा होतो. मधल्या वर्षांत रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, कोविड जोरात होऊन गेला असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल. फॅमिली डॉक्टरांना फॉर्म दाखवा. त्यांना डायव्हिंगची माहिती नसेल तर फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना मिळतात, त्यांची प्रिंट न्या.

सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. सर्दीची गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर खालीच उतरला तर वर येताना कान-सायनस अडकू शकतात.

जायच्या आधी तीन-चार आठवडे तलावात जा. अंबाई टँक असो की तुमच्या नेहमीचा दुसरा एखादा तलाव. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं हात-पाय फार न मारता तरंगणं, या ओपन वॉटर कोर्सच्याच अटी आहेत. त्या आज जमतात का ते बघा. पोहण्याचा उपयोग आहे तो दम टिकवण्यासाठी. तंत्राची बाब वेगळी, ती तलावात येणार नाही.

कुठं जायचं

कोल्हापुरातून चार दिशा सुचतात.

तारकर्ली-मालवण सगळ्यात जवळ, रस्त्यानं साधारण १५०-१६० किलोमीटर. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, इस्डा नावानं ओळखतात, आणि तिथं प्रशिक्षणासाठी बांधलेला खोल पूल आहे. रिफ्रेशरसाठी हे मोठंच सोयीचं. समुद्र गढूळ असला तरी कौशल्यांची उजळणी अडत नाही. किल्ल्याच्या आसपासचं पाणी उथळ आहे, म्हणजे पहिल्या डाइव्हला योग्यच. दृश्यता मात्र लहरी. कधी आठ-दहा मीटर, कधी हात लांब केला तर बोटं दिसतील इतकीच. मालवणात दारोदारी "स्कूबा" अशी पाटी दिसेल. त्यातल्या बहुतेक ठिकाणी अनुभव-डाइव्हच चालते, तेव्हा पाटी बघून आत शिरू नका.

गोव्यात सेंटरं जास्त, पूलची सोय बऱ्याच ठिकाणी आणि बोटी ग्रँड आयलंडकडे जातात. गर्दीच्या दिवसांत एकाच बोटीवर पर्यटक, विद्यार्थी आणि तुम्ही अशी खिचडी होते. ती टाळता आली तर गोवा चांगला पर्याय.

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचं पाणी सहसा मालवणपेक्षा स्वच्छ असतं. पण बोटीनं तास-दीड तास, आणि खोली पटकन वाढते. मी नेत्राणीला रिफ्रेशर करा म्हणणार नाही. रिफ्रेशर दुसरीकडे करून मग नेत्राणीला जा.

अंदमानचं पाणी सुंदर, पण तिकिटं काढून, विमानं बदलून स्वराज द्वीपला पोचायचं आणि पहिले दोन दिवस मास्कमध्ये पाणी घेत बसायचं, यात मजा नाही. अंदमानचा बेत असेल तर त्याच्या महिनाभर आधी तारकर्लीत उजळणी उरका, तिथं पोचल्यावर एक उथळ डाइव्ह करा आणि पुढं मोकळे व्हा.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किनारपट्टीवरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. तारीख ठरवताना पंचांगही उघडा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त आणि तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी त्या मानानं निवांत. मालवणच्या होडीवाल्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल. शनिवार-रविवार अमावास्येला येत असेल तर एक आठवडा थांबलेलं बरं.

फोनवरच कळतं

फोन करा. मेसेजवर दरपत्रक येतं, माणूस कळत नाही. मी साधारण असं बोलतो: "नमस्कार सर, माझ्याकडे ओपन वॉटर कार्ड आहे, पाच वर्षं पाण्यात उतरलो नाही. तुम्ही काय सुचवाल?" आणि गप्प बसतो.

समोरून "या की, काय टेन्शन नाही, आमचा माणूस तुम्हाला धरूनच असतो" असं आलं तर फोन ठेवावा. धरून नेणारा माणूस हवा असता तर तुम्ही रिफ्रेशर मागितलाच नसता. "किती डाइव्ह झाल्यात? शेवटची कुठं? औषधं चालू आहेत का? कार्डाचा फोटो पाठवा" असे उलट प्रश्न आले तर बोलणं पुढं न्यावं.

मग विचारायचं: प्रशिक्षक कोण, त्यांची पातळी काय, आणि एका प्रशिक्षकामागं किती जण. नियमावलीत बरेच जण चालतात, पण उजळणीला तिघांपेक्षा जास्त असतील तर मी दुसरी तारीख मागतो. आधी पूल किंवा कमरेएवढं शांत पाणी मिळणार का? समुद्रातल्या डाइव्ह किती? थिअरी कधी घेणार? साहित्य, बोट आणि नवं कार्ड दरात धरलंय की वेगळं? समुद्र खवळला तर पैसे परत की पुढची तारीख? बोटीवर ऑक्सिजन किट असतं का, आणि ते वापरायचं प्रशिक्षण कुणाला आहे? जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, "असं कधी होत नाही" म्हणाला, की समजून घ्या.

सगळ्यात स्वस्त सेंटर वाईटच असेल असं नाही. पण पूल, थिअरी आणि समुद्र हे सगळं दोन तासांत बसवणाऱ्यानं काहीतरी गाळलेलं असतं.

पाण्यात काय काय करून घ्यायचं

इथं तुम्ही गिऱ्हाईक आहात हे विसरू नका. यादी मनात ठेवा आणि जे राहिलं ते मागून घ्या.

सुरुवात कोरड्यावर. टाकी, बीसीडी, रेग्युलेटर तुमच्या हातानं जोडा. सेंटरवरचा पोरगा प्रेमानं सगळं जोडून तयार ठेवतो. त्याला नम्रपणे सांगा की आज मी जोडतो, तू बघ. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. श्वासागणिक काटा हलत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी बाजूला. नंतर बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) तपासणी: बीसीडी, वजन, बक्कल, हवा, आणि शेवटचा एकवार आढावा. ही तपासणी पाठ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही, प्रत्येक वस्तूला हात लावून करा.

मग वजन. मधल्या वर्षांत अंगानं भरलात असाल (आपल्याकडच्या जेवणावर दुसरं काय होणार), तर लॉगबुकातला शिशाचा आकडा आता चालणार नाही. जुना वेटसूटही बसणार नाही, पण तो वेगळा विषय. पृष्ठभागावर, पाय न टेकता उभं राहून बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि साधा श्वास धरा (पृष्ठभागावर आहात, म्हणून इथं चालतं). पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. टाकी भरलेली असेल तर यात साधारण दोन किलो वाढवा. टाकीतली वापरलेली हवा तेवढ्या वजनाची असते आणि डाइव्हच्या शेवटी तुम्ही तेवढे हलके झालेले असता. शिसं जास्त झालं की माणूस बीसीडीत हवा भरत-सोडत बसतो, हवा लवकर संपते आणि सगळा दोष स्वतःच्या फिटनेसला देतो. खंडानंतर पाण्यात अस्वस्थ वाटण्याचं मोठं कारण हेच असतं, असं माझं मत आहे.

पाण्याखाली पहिलं काम मास्क. अर्धा भरून साफ करणं, पूर्ण भरून साफ करणं, काढून परत घालणं. नाकात पाणी जातंय असं वाटून वर पळावंसं वाटेल. म्हणूनच हे दीड-दोन मीटरवर, गुडघे टेकून, दोन-तीनदा करायचं. एकदा जमलं की लगेच पुढं जायची घाई नको. हात न थरथरता जमेपर्यंत करा.

रेग्युलेटर तोंडातून काढा, बारीक बुडबुडे सोडत राहा, हात मागं फिरवून तो परत पकडा. बडीच्या ऑक्टोपसवरून (जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर) श्वास घ्या आणि त्याला तुमचा द्या. हवा संपल्याची खूण दोघांना एकच येते का ते आधी ठरवा.

तरंगणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ. तळाला न टेकता, हात न हलवता, श्वासावर वर-खाली होत एक मिनिट स्थिर राहता आलं पाहिजे. जुना पोहणारा इथंच ओळखू येतो, त्याचे हात थांबत नाहीत. हात छातीशी बांधून करा.

कान लवकर आणि वारंवार मोकळे करा, दुखायची वाट बघू नका. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, त्यामुळे कानाला खरा त्रास वरच्याच थरात होतो. अडलं तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा, नाहीच सुटले तर डाइव्ह सोडा.

वर येतानाचा वेगही पुन्हा बसवून घ्या. तुम्हाला कमाल मर्यादा मिनिटाला १८ मीटर अशी शिकवली असेल, पण आजचे बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचं खोली-वेळ मोजणारं यंत्र) ९-१० च्या पुढं गेलं की ओरडतात. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा रिफ्रेशरमध्येही करा. तुमचा कॉम्प्युटर नवा असेल तर कोरड्यावर त्याची सगळी बटणं चालवून बघा. प्रशिक्षकाचा कॉम्प्युटर तुमचा खोली-वेळ मोजत नसतो.

समुद्रातल्या पहिल्या डाइव्हला दहा-बारा मीटरच्या पुढं जाऊ नका, कार्ड अॅडव्हान्स्डचं असलं तरी. कॅमेरा मुक्कामाच्या खोलीतच ठेवून या.

घाटाचा हिशेब

ही गोष्ट मुंबई-गोव्याच्या माणसाला लागू पडत नाही, म्हणून कुठल्याच सेंटरच्या माहितीपत्रकात सापडत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, आणि घरी यायचं तर आंबोली, फोंडा किंवा गगनबावडा यांपैकी एक घाट चढावाच लागतो. आंबोलीचा माथा सातशेच्या जवळपास जातो.

डायव्हिंगनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे व्हायची शक्यता वाढते. म्हणूनच लगेच विमान पकडू नका असं शिकवतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीप्रमाणे डिकम्प्रेशन थांबा (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीनं थांबणं) न लागलेल्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायचं. या शिफारशी साधारण ६०० मीटर उंचीपासून पुढं लागू होतात. आपला घाटमाथा बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. उथळ रिफ्रेशरनंतर धोका लहान असेल, पण रविवारी दुपारी दोन डाइव्ह करून मासे-भात खाऊन चारला घाट चढायला लागणं हे मला पटत नाही.

वेळापत्रक असं बसवा: शुक्रवारी दुपारी निघा, रात्री तिथं निवांत झोपा. शनिवारी सकाळी थिअरी आणि पूल. रविवारी सकाळी समुद्रातल्या डाइव्ह, दुपारी आराम, भरपूर पाणी, दारू नाही. सोमवारी सकाळी उशिरा परत. एक रजा जाते. सोमवारची रजा मिळतच नसेल तर गुरुवारी निघा आणि शनिवारी डाइव्ह उरका. पहाटे निघून, वळणावळणाच्या घाटातून मळमळत पोचून दहा वाजता पाण्यात उतरायचा बेतही सोडा. निघण्याआधी घाट चालू आहे का हेही बघा. गगनबावड्याचा करूळ घाट बंद असेल तर भुईबावड्यानं किंवा फोंड्यानं जावं लागतं.

आणि डाइव्हनंतर सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, न कळणारा थकवा यातलं काही जाणवलं, तर "घरी जाऊन आपल्या डॉक्टरांना दाखवू" म्हणून घाट चढू नका. खालीच थांबा, सेंटरला कळवा, ऑक्सिजन घ्या आणि डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्राची माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोला. पुढं कुठं हलवायचं ते त्यांच्या सल्ल्यानं.

माळ्यावरचं साहित्य

स्वतःचा रेग्युलेटर असेल तर सर्व्हिसिंगशिवाय नेऊ नका. न वापरता ठेवलेला रबरी भाग कडक होतो, होजला भेगा पडतात. बीसीडीत हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी तेवढीच फुगलेली असली पाहिजे. मास्कचा सिलिकॉन चिकट झाला असेल तर नवा घ्या. बाकी सगळं भाड्यानं मिळतं, मास्क मात्र स्वतःचा असावा.

उजळणी झाली की लॉगबुकात त्या दिवशीच लिहा: वेटसूटची जाडी, शिसं किती, सुरुवातीला आणि शेवटी हवा किती, कुठलं कौशल्य कच्चं वाटलं. प्रशिक्षकाची सही घ्या. पुढची डाइव्ह त्याच हंगामात, शक्यतो दीड-दोन महिन्यांत ठरवून टाका. एप्रिलच्या शेवटी रिफ्रेशर करून मधे पावसाळा घालवलात, तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा उथळ पाण्यातूनच सुरुवात करावी लागेल.